वकील, कैदी, मंत्री, न्यायमूर्ती: व्ही. आर. कृष्ण अय्यर

जुनी फाईल (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, 'राजकारणातला माणूस न्यायाधीश झाला की न्यायालयाचं वाटोळं ठरलेलं.' त्यावर धडाधड +१ पडले. तिथे उत्तर द्यायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की धागाच काढतोय.

माझ्या डोळ्यांसमोर होते व्ही. आर. कृष्ण अय्यर. गाव पालक्काडजवळचं वैद्यनाथपुरम, वडील वकील. १९३८ मध्ये यांनी थलश्शेरीला वकिली सुरू केली. तेव्हा तो मलबार, मद्रास इलाख्यातला. कुळं, विडी कामगार, शेतकरी चळवळीतली माणसं असे त्यांचे पक्षकार. १९४८ मध्ये कम्युनिस्टांना कायद्याची मदत करतो असा ठपका ठेवून पोलिसांनी वकीलसाहेबांनाच आत टाकलं. महिनाभर. हा महिना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५२ ला ते मद्रास विधानसभेवर अपक्ष निवडून आले. केरळ राज्य झाल्यावर १९५७ ला थलश्शेरीतून पुन्हा अपक्ष, डाव्यांच्या पाठिंब्यावर. ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या त्या गाजलेल्या मंत्रिमंडळात गडी थेट मंत्री. कायदा, गृह, तुरुंग, वीज, पाटबंधारे, समाजकल्याण. नऊ वर्षांपूर्वी ज्या तुरुंगखात्याचा पाहुणचार घेतला, त्याच खात्याच्या फायलींवर आता यांची सही. ३१ जुलै १९५९ ला केंद्राने कलम ३५६ लावून सरकार बरखास्त केलं. १९६० च्या निवडणुकीत ते अगदी थोडक्या मतांनी पडले, निवडणूक याचिका लावली आणि कोर्टातून आमदारकी मिळवली. १९६५ ला मात्र सरळ हरले आणि वकिलीकडे वळले.

१९६८ मध्ये केरळ हायकोर्टाचे न्यायाधीश, मग विधी आयोगाचे सदस्य, आणि १७ जुलै १९७३ ला सुप्रीम कोर्ट. निवृत्ती नोव्हेंबर १९८०. म्हणजे सर्वोच्च न्यायालयात जेमतेम सव्वासात वर्षं. तेवढ्यात जामीन, बेड्या, एकांतकोठडी, फाशी, संप, गटारं या सगळ्यांवर त्यांनी लिहून ठेवलंय, आणि त्यातलं बरंच आजही खालच्या कोर्टात रोज वाचून दाखवलं जातं.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडे बहुतेक न्यायाधीश कोर्टाची एकच बाजू बघून वर जातात: काळा कोट घालून उभं राहायची. हा माणूस आरोपी होता, उमेदवार होता, मंत्री होता, बडतर्फ मंत्री होता, याचिकाकर्ता होता, आणि मग न्यायासनावर बसला. त्याच्या निकालांमध्ये जे चांगलं आहे ते राजकारण *असूनही* आलेलं नाही. त्यातलं निम्मं राजकारणा*मुळे* आलंय.

आता झोडा.

---

पोटमाळा

वा! वाचनखूण साठवली. गटारांचं इस्कटून सांगा की.

---

खवचट आजोबा

झोडा म्हणालात म्हणून.

फाईल मस्त लावलीत, फक्त त्यातलं एक पान सोयीस्कर गळलंय. १९७३ सालच्या जुलैच्या आधी एप्रिल येतो. २५ एप्रिलला शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून ए. एन. राय यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक जाहीर झाली. केशवानंद भारतीचा निकाल (घटनेचा मूळ गाभा संसदेला बदलता येत नाही, हा) आदल्याच दिवशी लागला होता. तिघांनी राजीनामे दिले. केंद्रातले मंत्री मोहन कुमारमंगलम संसदेत उभे राहून, न्यायाधीशाचं 'तत्त्वज्ञान' बघून नेमणूक करण्यात गैर काय, असं सांगत होते. या गरमागरमीत तीन महिन्यांनी डाव्या मंत्रिमंडळातला माजी मंत्री सुप्रीम कोर्टात येतो. मुंबईच्या वकिलांनी जाहीर विरोध केला तो काय उगीच?

आणि मुख्य पान. २४ जून १९७५. त्याबद्दल आपण चकार शब्द काढलेला नाही. विसरलात, की नस्ती उठाठेव नको म्हणून?

---

जुनी फाईल

आजोबा, विसरलो नाही. तुम्ही येणार हे माहीत होतं म्हणून ठेवलं होतं.

विरोधाबद्दल: त्या निषेध करणाऱ्यांत नामवंत वकील सोली सोराबजीही होते. पुढे त्यांनीच आपलं चुकलं म्हणून मोकळेपणाने सांगितलं. पण तुमची एप्रिलची शंका मला मान्य आहे. त्या वातावरणात मीही निषेधावर सही केली असती.

आता २४ जून. नवीन मंडळींसाठी थोडं मागून. १२ जूनला अलाहाबाद हायकोर्टात न्या. जगमोहनलाल सिन्हांनी राजनारायण यांच्या याचिकेवर इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली. शिवाय सहा वर्षं अपात्र. अपील सुप्रीम कोर्टात, पण कोर्टाला उन्हाळी सुट्टी. सुट्टीत बसलेले एकटे न्यायाधीश कृष्ण अय्यर. इंदिरा गांधींच्या बाजूने नानी पालखीवाला, राजनारायण यांच्या बाजूने शांतिभूषण. २३ ला दिवसभर युक्तिवाद, २४ ला आदेश.

पालखीवालांनी मागितली होती बिनशर्त स्थगिती. मिळाली सशर्त. खासदार म्हणून सभागृहात जावं, हजेरीपटावर सही करावी. पण मत देता येणार नाही, खासदारकीचं मानधन नाही. पंतप्रधान म्हणून मात्र दोन्ही सभागृहांत बोलता येईल. निवडणूक रद्द झालेल्या कुठल्याही आमदार-खासदाराला अपील होईपर्यंत सुप्रीम कोर्ट साधारण अशाच घाटाची स्थगिती देत आलं होतं. समोर पंतप्रधान आहे म्हणून जास्त नाही, पंतप्रधान आहे म्हणून कमीही नाही.

आणि एक गोष्ट सहसा कुणी जोडून बघत नाही. निवडणूक याचिका म्हणजे काय हे तिथे बसलेल्या माणसाला स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं. थोडक्या मतांनी पडलेला उमेदवार म्हणून त्याने ती लढवली होती, जिंकली होती.

कायदामंत्री ह. रा. गोखल्यांचा फोन आला होता, भेटायचं म्हणून. (गोखले मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायाधीश, मग मंत्री. म्हणजे उलट दिशेची गाडी.) अय्यरांनी नंतर स्वतः सांगितलंय: भेटायची गरज नाही, अपील रजिस्ट्रीत दाखल करा, ऐकून घेतो.

---

खवचट आजोबा

फोनचा किस्सा आवडता आहे, नाकारत नाही. पण तो किस्सा सांगणारे स्वतः अय्यर. असो.

माझा आक्षेप वेगळा आहे. आदेश नेहमीच्या घाटाचा होता म्हणता. पण प्रसंग नेहमीचा होता का? हायकोर्टाने भ्रष्ट आचरणाचा ठपका ठेवलाय, बाई लोकसभेत मत देऊ शकत नाहीत, पण देश चालवू शकतात. हे त्रांगडं कुणी तयार केलं? स्थगिती साफ नाकारली असती तर पक्षाला दुसरा नेता निवडावा लागला असता. साफ दिली असती तर बाई निर्धास्त झाल्या असत्या. अर्धी दिली, विरोधकांना रामलीला मैदान मिळालं आणि त्यांना २५ तारखेची मध्यरात्र.

---

जुनी फाईल

आणीबाणीचं खापर स्थगितीच्या आदेशावर? आजोबा, न्यायाधीशाने पुढच्या दोन दिवसांत कोण काय करेल याचा अंदाज बांधून आदेश द्यायचा असेल तर तोच राजकारणी झाला की. तुमच्याच तर्काने.

पालखीवालांनी आणीबाणी लागल्यावर वकीलपत्र परत केलं. पुढे घटनेत ३९ वी दुरुस्ती आली, निवडणूक कायदा मागच्या तारखेपासून बदलला आणि नोव्हेंबरमध्ये पाच न्यायाधीशांनी इंदिराबाईंची निवड कायम केली. त्या पाचांत अय्यर नव्हते. १९७६ च्या हेबियस कॉर्पस खटल्यातल्या (आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, हा प्रश्न) पाचांतही नव्हते. तिथे आपले यशवंतराव चंद्रचूड होते, भगवती होते. दोघेही कधीच आमदार-खासदार नव्हते, आणि न्या. खन्ना सोडून सगळ्यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला हे तुम्हाला मी सांगायला नको.

---

खवचट आजोबा

हा ठोसा लागला. चहा घेऊन येतो.

---

प्रश्नचिन्ह

बाळबोध शंका. मुळात आमदार-खासदार राहिलेल्याला न्यायाधीश होता येतं? नियमात बसतं?

---

कागदी होडी

@प्रश्नचिन्ह, बसतं. घटनेत हायकोर्टासाठी दहा वर्षं वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक सेवा, एवढंच. राजकारणात होता का, हे घटना विचारतच नाही.

आणि ही परंपरा तर घटनेहून जुनी. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ ला मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष, १८९५ ला मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. तेव्हा टिळकांच्या बाजूने जामिनासाठी उभे होते बॅरिस्टर दावर. हेच दावर १९०८ मध्ये न्यायाधीश होऊन समोर बसले, टिळकांचा जामीन नाकारला आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. म्हणजे माजी काँग्रेस अध्यक्षाने जामीन दिला आणि टिळकांच्याच माजी वकिलाने मंडालेला धाडलं. पूर्वायुष्यावरून माणसाचा निकाल ओळखायचा म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

नारायणराव चंदावरकरही तसेच. डिसेंबर १९०० ला लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, १९०१ मध्ये हायकोर्टात न्यायमूर्ती.

स्वातंत्र्यानंतर के. एस. हेगडे. हे राज्यसभेत काँग्रेसचे खासदार, तिथून थेट म्हैसूर हायकोर्ट, मग दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती, मग सुप्रीम कोर्ट. आजोबांनी डावललेल्यांत ज्यांचं नाव घेतलं तेच हे! १९७३ मध्ये स्वातंत्र्य राखलं म्हणून ज्यांना सरकारने बाजूला सारलं, त्यांतले एक माजी काँग्रेस खासदार होते, हे विसरू नका. पुढे १९७७ ला जनता पक्षाकडून लोकसभेत आणि तिथे सभापती.

आणि नाण्याची दुसरी बाजू, बहारुल इस्लाम. काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९७२ मध्ये गौहाटी हायकोर्टात न्यायाधीश. मार्च १९८० मध्ये मुख्य न्यायमूर्ती म्हणून निवृत्त. डिसेंबरमध्ये, निवृत्त झालेल्या माणसाला, सुप्रीम कोर्टात आणलं. १९८२ च्या डिसेंबरात बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या सहकारी बँक प्रकरणात त्यांच्या बाजूने निकाल देणाऱ्यांत हे. महिन्याभरात राजीनामा आणि काँग्रेसची उमेदवारी; मग पुन्हा राज्यसभा.

---

खवचट आजोबा

चहा झाला. बहारुल इस्लाम हे नाव मी टाकणारच होतो, होडीने आधी टाकलं. आता सांगा फाईलसाहेब, उद्या तुम्हाला दार उघडं ठेवायचंय, तर त्यातून अय्यर येईल की इस्लाम येईल हे कसं ओळखणार?

---

कागदी होडी

मला वाटतं दार *आत* येण्याचं नाही, *बाहेर* जाण्याचं बघायला हवं. हेगडे सरकारशी भांडून बाहेर पडले आणि चार वर्षांनी विरोधी पक्षातून लोकांत गेले. इस्लाम सरकारच्या सोयीचा निकाल देऊन महिन्यात गेले. अय्यर वयाची पासष्ट पूर्ण करून घरी गेले.

छागलांचंच घ्या. मोठा माणूस. स्वातंत्र्यानंतर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, मुंध्रा प्रकरणाची (आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीचा घोटाळा) चौकशी उघड्यावर घेऊन अर्थमंत्र्यांची खुर्ची हलवणारे. ते सेटलवाडांच्या विधी आयोगावर होते. आयोगाने १९५८ मध्ये लिहिलं की न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये. अहवालाची शाई वाळायच्या आत छागला अमेरिकेत राजदूत! पुढे केंद्रात शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री. सेटलवाडांना ते चांगलंच झोंबलं होतं.

---

तालुका वकील

उशिरा आलो. दिवसभर कोर्टात होतो, आणि योगायोग असा की आज याच माणसाचा निकाल वाचत होतो. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश, १९७८.

तुम्ही वर नेमणुका, आणीबाणी वगैरे मोठं बोलताय. आमच्याकडे कृष्ण अय्यर म्हणजे तो निकाल.

मोतीराम गवंडी होता. सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला, रक्कम खालच्या कोर्टाने ठरवावी म्हणून सांगितलं. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ चे दहा हजार, गवंड्याकडून. त्याचा भाऊ उभा राहिला तर म्हणे याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सोडलेला माणूस जिल्ह्याच्या हद्दीमुळे आत. अय्यरांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं आणि ठणकावून लिहिलं की दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारणं म्हणजे आपल्याच देशात माणसाला परका ठरवणं.

हे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं. आता आजचं ऐका. माझा एक पक्षकार, सेंट्रिंगचं काम करणारा, मराठवाड्यातून इकडे आलेला. किरकोळ चोरीचा आरोप, जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झाले. पंधरा हजाराचा एक सॉल्व्हंट, म्हणजे ऐपतदार, जामीनदार. भाऊ आला गावाहून. सातबारा आणला, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो, सगळं. टेबलावरच्या साहेबांनी कागद उलटून बघितले: सातबारा सामाईक आहे, तहसीलदाराचा ऐपत दाखला आणा, आणि 'लोकल' कुणी मिळतो का बघा. भावाने एक दिवसाची मजुरी बुडवून यायचं, परत जायचं, तहसीलला खेटे घालायचे. कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार फिरत असतातच, दोन हजारांत 'लोकल' मिळतो, कागदांसकट. प्रामाणिक भाऊ नापास, भाड्याचा पास. म्हणून अट शिथिल करायचा अर्ज टाकलाय, सोबत मोतीरामची प्रत जोडलीय. सुनावणी गुरुवारी.

'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे वाक्य सगळे फेकतात. तेही यांचंच, १९७७ चा राजस्थान विरुद्ध बालचंद. दोन-तीन पानांचा आदेश आहे. पण मला मोतीराम मोठा वाटतो, कारण त्यात जामीन *मिळाल्यावर* काय होतं ते लिहिलंय. हे लिहायला टेबलापलीकडे उभं राहिलेला माणूस लागतो. फाईलसाहेबांना माझं अनुमोदन.

---

पोटमाळा

बाप रे. गुरुवारचं नक्की कळवा.

---

इंग्रजीचा मास्तर

सगळं मान्य, पण यांचं इंग्रजी वाचलंय का कुणी? मी विद्यार्थ्यांना एकदा उतारा दिला होता सारांश लेखनाला. वर्गाने बहिष्कार घातला. अनुप्रास, लॅटिन, उपनिषद, मध्येच एखादा स्वतः घडवलेला शब्द, आणि वाक्य संपतं तेव्हा सुरुवात कुठे होती ते आठवत नाही. गरिबांसाठी निकाल लिहायचा आणि गरिबाच्या वकिलालाही शब्दकोश उघडायला लावायचा, ही गंमतच.

---

तालुका वकील

@मास्तर, हसलो. आमचे सिनियर म्हणायचे, अय्यरांचा निकाल शेवटून वाचायचा. 'सबब अर्ज मंजूर' दिसलं की मग पुढचं सावकाश.

---

चौथी सीट

मी या माणसाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते २०२४ मध्ये, आमच्या चाळीमुळे. गिरगावात राहतो, सेसची इमारत, म्हणजे उपकरप्राप्त. टेकू लावलेले जिने आणि दर पावसाळ्याआधी म्हाडाची धोकादायक इमारतींची यादी. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आठ-अ प्रकरण घातलं: भाडेकरूंच्या संस्थेने मागणी केली तर अशी इमारत सरकारने ताब्यात घेऊन संस्थेला द्यायची. मालक कोर्टात गेले. प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनचा तो खटला नऊ न्यायाधीशांपुढे जाऊन निकाल लागायला ५ नोव्हेंबर २०२४ उजाडलं.

प्रश्न असा होता की घटनेच्या कलम ३९(ब) मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' म्हणजे खाजगी मालमत्तासुद्धा का? १९७७ च्या रंगनाथ रेड्डी खटल्यात कृष्ण अय्यरांनी लिहिलं होतं की हो, खाजगीही त्यात येते. बहुमताने आता सांगितलं: प्रत्येक खाजगी मालमत्ता येत नाही, तो अर्थ फार ताणलेला होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी 'कृष्ण अय्यर सिद्धांता'बद्दल कडक शब्द वापरले. त्यावर न्या. नागरत्ना यांनी वेगळं लिहिताना त्या शब्दांना हरकत घेतली, तो काळ वेगळा होता म्हणून. न्या. धुलियांनी तर असहमतीचाच निकाल दिला आणि ही टीका टाळता आली असती असं म्हटलं.

आमच्या चाळीत दोन तट पडले. खालच्या मजल्यावरचे म्हणतात अय्यर बरोबर. मालकांचा भाचा वर राहतो, तो म्हणतो की त्या माणसाने मंत्री असताना जमीन सुधारणा केल्या, त्याच डोक्याने निकाल लिहिला. फाईलसाहेब, तुमचा मुद्दा इथे उलटतो की नाही?

---

जुनी फाईल

@चौथी सीट, उलटतो. प्रामाणिकपणे सांगतो.

कुळकायद्याच्या लढाईतला माणूस मालमत्तेकडे जसं बघेल तसंच त्यांनी बघितलं. केरळच्या १९५९ च्या कृषिसंबंध विधेयकाच्या वेळी ते कायदामंत्री होते. बंगळूर वॉटर सप्लायचा १९७८ चा निकालही त्याच कुळीतला: इस्पितळं, विद्यापीठं, क्लब, सगळे 'उद्योग', म्हणजे तिथल्या नोकरांना कामगार कायद्याचं संरक्षण. कामगारांना सुखावणारा, पण व्याख्या इतकी रुंद केली की संसदेने १९८२ मध्ये ती अरुंद करणारी दुरुस्ती केली, आणि ती दुरुस्ती अमलात आणायचं धाडस पुढे कुठल्याच सरकारने केलं नाही. फाशीबद्दलही तेच. १९७९ च्या राजेंद्र प्रसाद खटल्यात त्यांनी फाशी जवळजवळ बंदच करून टाकली होती; पुढच्याच वर्षी बच्चनसिंग खटल्यातल्या घटनापीठाने ती वाट बुजवली.

म्हणजे राजकारणाने दिलेले डोळे त्यांनी कोर्टात आणले. त्या डोळ्यांना तुरुंग लख्ख दिसला, मालक तितका दिसला नाही. मी 'निम्मं राजकारणामुळे' म्हणालो होतो ते चांगल्याबद्दल. वाईटाबद्दलही म्हणायला हवं होतं.

पण तुरुंगाचं सांगतोच, कारण १९४८ चा महिना उधार ठेवलाय.

सुनील बत्रा हा तिहारमधला फाशीची शिक्षा झालेला कैदी. अपील बाकी असतानाच त्याला एकांतकोठडीत टाकलं होतं. १९७८ मध्ये कोर्टाने सांगितलं, फाशी अंतिम होईपर्यंत तो 'फाशीचा कैदी' नाही आणि एकांतवास ही वेगळी शिक्षा आहे, ती तुरुंग अधिकाऱ्याने परस्पर द्यायची नाही. त्याच निकालात चार्ल्स शोभराजच्या पायातल्या दांडाबेडीचाही प्रश्न होता. निकालाआधी न्यायाधीश स्वतः तिहार बघून आले होते.

नंतर याच बत्राने तुरुंगातून एका न्यायाधीशाला पत्र पाठवलं. स्वतःसाठी नाही; शेजारच्या एका कैद्यासाठी. वॉर्डरने त्याच्या नातलगांकडून पैसे उकळायला त्याचा अमानुष छळ केला होता. वकील नाही, कोर्ट फी नाही, शपथपत्र नाही. कोर्टाने ते पत्रच याचिका मानलं. न्यायालयमित्र म्हणून डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल यांना नेमलं, ते तुरुंगात जाऊन कैद्याला भेटले, डॉक्टरांना भेटले. जखमेचं कारण मूळव्याध म्हणून दाखवायचाही प्रयत्न झाला होता! निकाल अय्यरांनी लिहिला. तुरुंगात तक्रारपेटी हवी, जिल्हा न्यायाधीशाने तुरुंगात फेरी मारावी, कैद्याला त्याचे हक्क त्याच्या भाषेत कळावेत. वाचताना जाणवतं की हे लिहिणाऱ्याला आतलं वेळापत्रक माहीत आहे. कुणाला कुणाची भीती असते, कागद कुठे अडतो, तक्रार केल्यावर रात्री काय होतं.

१९८० चा प्रेमशंकर शुक्ला, म्हणजे सरसकट हातकड्या घालायच्या नाहीत, तोही यांचाच.

@पोटमाळा, गटारं: रतलाम, १९८०. एका वॉर्डातल्या लोकांनी उघडी गटारं आणि दारूच्या कारखान्याचं सांडपाणी याबद्दल मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली. त्याने नगरपालिकेला गटारं बांधायला सांगितलं. नगरपालिका थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढली, का, तर पैसे नाहीत. गटार बांधायला पैसे नाहीत, दिल्लीपर्यंत वकील लावायला आहेत. अय्यरांनी लिहिलं की सार्वजनिक आरोग्याच्या कर्तव्यातून पैसे नाहीत म्हणून सुटका नाही. पाटबंधारे आणि समाजकल्याण खातं सांभाळलेला माणूस 'निधी नाही' या वाक्याला किती भुलणार?

---

पोटमाळा

दंडवत. माझ्याकडून एक भर: १९७९ चा सी. बी. मुथम्मा खटला. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. त्यांच्या सेवेत नियम असा होता की बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येईल. पुरुषांना काही नाही. मुथम्मांची बढती अडवली होती. प्रकरण कोर्टात गेल्यावर सरकारने घाईघाईने बढती दिली, म्हणून याचिका निकालात काढली, पण अय्यरांनी नियमांची सालटी काढली ती काढलीच. पुरुषाला बायकोमुळे अडचण होत नाही का, अशा अर्थाचा सवाल त्यात आहे. आमच्या ऑफिसातल्या मुलींना मी तो परिच्छेद मराठीत सांगते.

---

खवचट आजोबा

आता अय्यरांचं निवृत्तीनंतरचं कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. १९८७ ला राष्ट्रपतिपदासाठी व्यंकटरमण यांच्याविरुद्ध विरोधकांचे उमेदवार. पडले. त्याआधी १९६७ ला सुब्बा राव सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन उभे, पडले. १९८२ ला खन्ना उभे, पडले. विरोधी पक्षांना दर वेळी एखादा न्यायमूर्ती लागतोच, हरायला.

आणि २००२ च्या गुजरात दंगलीनंतरच्या नागरिक न्यायाधिकरणाचे हे प्रमुख, आपले पी. बी. सावंत आणि होस्बेट सुरेशही त्यात. त्याच माणसाने २०१३ मध्ये...

---

संपादक मंडळ

आजोबा, वाक्य तिथेच थांबलेलं बरं. २०१३ पासून पुढचं पक्षीय राजकारण या धाग्यावर नको. त्यासाठी वेगळा विभाग आहे.

---

खवचट आजोबा

थांबलो. २०१३ मध्ये त्यांनी मोदींना पाठिंबा दिला एवढंच सांगायचं होतं. उजवे चिडले होते ते खूश झाले, डावे खूश होते ते चिडले. आदल्या पिढीतल्या वकिलांचंही १९७३ मध्ये तसंच झालं होतं. ४ डिसेंबर २०१४ ला कोचीत गेले, शंभरीच्या उंबरठ्यावर.

फाईलसाहेब, तुमचं निम्मं पटलं. निम्मं पटलं हे माझ्याकडून प्रमाणपत्र समजा.

---

प्रश्नचिन्ह

@तालुका वकील, गुरुवार होऊन गेला. काय झालं?

---

तालुका वकील

अर्ज मंजूर. साहेबांनी मोतीराम वाचला, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग सरकारी वकिलांना विचारलं, 'काही म्हणायचंय?' त्यांनी मान हलवली. भावाचा सामाईक सातबारा चालेल, रक्कम पाच हजार.

बंधपत्र होऊन सुटकेचा आदेश हातात पडला पावणेपाचला. कारागृह बत्तीस किलोमीटर. भाऊ दुचाकीवर मागे बसला, मी चालवत होतो. पोचलो तेव्हा फाटकावरच्या शिपायाने सांगितलं, सुटकेच्या आदेशांची पेटी उघडून झाली, आता उद्या सकाळी.

भाऊ रात्री एसटी स्टँडवर झोपला. मी आत्ता तिथेच निघालोय.